न वाजलेला तास

नवऱ्याच्या श्राद्धतिथीला सकाळी साडेसहालाच मालनताई त्याच्या आवडीची अंजिरी साडी नेसून पडद्यासमोर बसल्या. दिगंबररावांचं मन परदेशातल्या एका कंपनीने जतन करून ठेवलं होतं. वर्षातून एकदा, तासभर, ते बोलत. भेटीचा दिवस मालनताईंनी हट्टाने तिथीनेच ठरवला होता, त्यामुळे तारीख दरवर्षी सरकायची.

पडदा उजळला, ‘भेट पूर्ण झाली, धन्यवाद’ एवढंच दाखवून विझला. पुन्हा लागेल म्हणून त्या तशाच बसून राहिल्या. तास उलटल्यावर सुनेने कंपनीला फोन लावला.

“भेट आमच्या वेळेने पहाटे दोन ते तीनमध्ये होती,” तिकडून अदबीने उत्तर आलं. “आज उन्हाळ्यासाठी आमच्या देशात घड्याळं तासभर पुढे केली. दोननंतर एकदम तीन वाजले. तो तास झालाच नाही.”

“अहो, मग दुसरा द्या!”

“वर्षाला एकच भेट असते, मॅडम. यंदाची झाल्याची नोंद पडली आहे. आता पुढच्या तिथीला.”

सून काहीबाही बोलत राहिली. मालनताईंनी फोन मागून घेतला.

“आमच्याकडे झाला हो तो तास,” त्या म्हणाल्या. “सगळाच्या सगळा. मी इथेच बसले होते.”