दहा लाख तीन

गणिताच्या मास्तरांची लेक गेली, तेव्हा तिच्या वहीत एक गणित अर्धं राहिलं होतं. दहा लाख तीन ही मूळ संख्या आहे का, हे ती लहान मूळ संख्यांनी एकामागून एक भागून पाहत होती. सहाशे तेरापर्यंत पोचली होती.

महिन्याभराने मास्तरांनी वही उघडली, तर पुढचा भागाकार झालेला. अक्षर तिचंच. मग रोज सकाळी एक नवा.

बायकोने वही उराशी धरली. "अजून किती उरलेत?"

"नऊशे सत्त्याण्णवपर्यंत. त्यापुढे भागायची गरजच नसते. तिलाही ते ठाऊक होतं."

नऊशे सत्त्याण्णवची पाळी आली, बाकी बारा उरली. संख्या मूळ ठरली. त्या दिवशी दोघांच्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या सकाळी मास्तरांचा हात वहीकडे जाईना. शेवटी बायकोनेच ती उघडली. आत एक हजार नऊने भागलेलं होतं.

"याची गरज नव्हती ना?" तिने हळूच विचारलं.

"नव्हती," मास्तर म्हणाले. आणि दोघं बघत असतानाच त्याखाली, अगदी सावकाश, एक हजार तेरा उमटू लागलं.