पुढच्या वर्षाचा अंदाज

पाइपलाइनचा गॅस घरोघरी जितका जळेल, त्या प्रमाणात गॅस कंपनी महापालिकेला शुल्क देते. पुढच्या वर्षी ते किती येईल, याचा अंदाज बांधायला महापालिकेच्या लेखा विभागातली ज्योत्स्ना पिंप्राळ्यात घरोघर माणसं किती ते विचारत फिरत होती. इंदिराबाईंचा नवरा, मुलगा आणि सून एरंडोलजवळच्या अपघातात गेले, त्या आता एकट्याच असतात, असं शेजारणीने तिला दारातच सांगितलं होतं.

आत चार ताटं वाढलेली होती.

"अक्का, घरात माणसं किती?" ज्योत्स्नाने हळूच विचारलं.

"चार," म्हणत इंदिराबाईंनी तव्यावरची कळण्याची भाकरी उलटवली.

ज्योत्स्नाला 'एक' लिहवेना. ती काहीच न लिहिता उठली.

"अन् पुढच्या वर्षाले पाच धर, माय," इंदिराबाई लाजत हसल्या. "सुनेले दिवस गेलेत."