कोमट तेल

नऊ वर्षं दर रविवारी मकरंद काचेला तळवा टेकवायचा. पलीकडून त्याची आई, वैजयंता, आपला तळवा तिथेच ठेवायची. हाताला लागायची ती गार काच. तिचा आजार केव्हाच बरा झाला होता, पुन्हा होणारही नव्हता. पण विषाणू श्वासात जन्माचा मुक्कामाला राहिला होता. म्हणून बऱ्या झालेल्यांची वस्ती वेगळी.

आज सुनेचा फोन आला. "आई, ह्यांना तोच ताप आलाय. संध्याकाळी तुमच्याकडे आणून सोडतील." ती रडत होती.

"रडू नकोस गं. मी आहे ना."

फोन ठेवून वैजयंता देवाला साकडं घालायला उठली, पण पाय स्वयंपाकघराकडे वळले. त्याच्या डोक्याला चोळायला तिने खोबरेल कोमट करत ठेवलं, आणि आपण चक्क गुणगुणतोय हे ध्यानात येताच ती चरकली.