खैरनारकाकांची मिशी आणि मंगळावरचा बर्फ

"आश्लेषा, मातीखाली बर्फ टिकला तर मी इथेच, सगळ्यांदेखत मिशी उतरवतो!" भुसावळच्या रणरणत्या उन्हात खैरनारकाकांनी पैज मारली. शेजारची आश्लेषा मंगळावरच्या मातीखाली दडलेल्या बर्फाचा अभ्यास करायची. सुट्टीवर आलेल्या पोरीला छेडल्याशिवाय काकांना चैन कुठलं!

अंगणात बर्फाचे दोन सारखे तुकडे ठेवले, एक उघडा, एक बोटभर तांबड्या मातीखाली. निकाल चार वाजता.

दुपारी कॉलनी घोरायला लागली तसे काका चोरपावलांनी आले. उन्हातली माती पाय भाजते, म्हणजे जास्त मातीनं बर्फ लवकर विरघळणार! दोन घमेली काळी माती ओतून ते खुशीत झोपले.

चार वाजता कॉलनी अंगणात जमली, तेव्हा उघड्या तुकड्याची नुसती ओल उरली होती. आश्लेषानं दुसऱ्यावरची माती सारली, तर खाली वीतभर बर्फ! काका पेचात पडले. माती वाढवली म्हणून पैज रद्द म्हणावं, तर कुणी वाढवली ते सांगावं लागणार. गप्प बसावं, तर मिशी जाणार.

"बोटभर मातीनं एवढा टिकला नसता, काका. थर जाड झाला, म्हणून उन्हाची धग खाली पोचलीच नाही," आश्लेषा गोड हसली. "पण ही काळी माती कुणाची?"

तेवढ्यात वर कुंडी आपटल्याचा आवाज आला, तसं सगळ्यांनी वर पाहिलं. काकांच्या गॅलरीत रिकाम्या कुंड्या, आणि उपटलेला मोगरा हातात धरून काकू. "वस्तरा मीच आणते," त्या म्हणाल्या.

मिशी गेल्यावर काका ओठावर तोच बर्फ चोळत पुटपुटले, "गार आहे गं अजून, पोरी."