नदीकाठची वीस मिनिटं

"वीस मिनिटं म्हणजे वीस," नवऱ्याने पुन्हा घड्याळ बघितलं.

तिने कपाळाला हात लावला. तीन वर्षं ती या नदीकाठासाठी मागे लागली होती आणि तीन वर्षं याचं एकच पालुपद, लांब आहे, बघण्यासारखं काही नाही. शेवटी तिने न विचारता तिकिटं काढली. आज काठ टोकापर्यंत बघितल्याशिवाय हलायचं नाही, हे तिने पक्कं ठरवलं होतं.

त्याने सूड म्हणून वेळापत्रक केलं. ती चिठ्ठी तिच्या मुठीत होती. किती वाजता कुठे, आणि प्रत्येक वेळेपुढे त्याचा तो उलटा त्रिकोण, पोटात टिंब. किराण्याच्या यादीतही तो हेच काढायचा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण का काढतो हे तिने विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं इतर पुष्कळ होतं.

आभाळ भरून आलं होतं, तरी त्याचा काळा चष्मा आणि टोपी जागच्या जागी.

"पुराआधी इथे अठरा पायऱ्या होत्या," गाइड सांगत होती. पस्तिशीची, हसऱ्या तोंडाची.

"एकवीस," नवरा बायकोच्या कानाशी पुटपुटला.

"तुम्ही मोजायला गेला होतात?"

"वाचलंय कुठेतरी."

"मग तिला सांगा की मोठ्याने."

"मला काय पडलंय?"

पुढे त्याच्या मते होड्यांचा धक्का चुकीच्या जागी दाखवला होता, भिंतीचा दगड भलताच लावला होता. तिचा जीव मेटाकुटीला आला. माणूस परक्या गावात पहिल्यांदा येतो आणि हुज्जत घालतो ती इथेच जन्मल्यासारखी.

काठाच्या टोकाला, नदीची पातळी मोजणारा बसायचा ती जुनी खोली होती. नवरा खोलीकडे पाठ करून बाहेरच्या बाकावर बसला.

"माझे पाय दुखतायत. सहा मिनिटं उरलीत."

"बसा. मी बघणारच."

आत काचेखाली एक वही उघडी होती. पुराच्या दिवशी इथला माणूस दर तासाला पातळी फोनवर कळवत राहिला, म्हणून सगळी वस्ती वेळेत हलली, असं गाइडने सांगितलं. दुपारी तीनची नोंद शेवटची. तो सापडलाच नाही.

"माझे बाबा," गाइड म्हणाली. "मी चार महिन्यांची होते."

"अगं बाई."

"हे बघा काकू, आकड्यापुढचा उलटा त्रिकोण. पाण्याच्या पातळीची खूण, या कामातले सगळेच काढतात. पण पोटातलं टिंब फक्त बाबांचं. आई अजून कुठलाही कागद हातात आला की आधी तेच शोधते."

मुठीतली चिठ्ठी आवळून बायको काचेवर वाकली.

मग बाहेर येऊन तिने नवऱ्याचा दंड धरला. दुसऱ्या हाताची मूठ मिटलेलीच होती.

"इतक्यात?" त्याने घड्याळ बघितलं. "अजून दोन मिनिटं आहेत."

"चला," ती म्हणाली. "तुमचंच बरोबर होतं. बघण्यासारखं काही नाही इथे."