लाइट गेली तेव्हा

सासूबाईंनी मेन स्विच खाली ओढला आणि मग त्यांना आठवलं, आज घरात परीक्षा आहे.

बाहेर पडताना हात सवयीनं गेला होता. चप्पल घालायची, स्विच ओढायचा, दार लावायचं. त्यांनी घाईघाईनं स्विच वर केला. पण आतल्या खोलीतून येणारा सुनेचा आवाज थांबला होता.

सून परदेशातल्या विद्यापीठाची डॉक्टरेट करत होती, तीही घरात बसून. व्हिसा एकदा नाकारला, पुन्हा नाकारला. तेव्हा तिकडच्या गाईडबाई, त्याही मराठीच, म्हणाल्या, असू दे, कॉम्प्युटरवरून कर. "लोक विमानानं परदेशी जातात, आमची सून दार लावून जाते," असं सासूबाई शेजारणीला सांगत. टोमणा खराच, पण त्यात ऐटही होती. आज शेवटची तोंडी परीक्षा होती. पडद्यावर सगळे विद्वान ओळीनं बसलेले आणि इकडे ही एकटी.

सून बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"लाइट गेली," सासूबाईंनीच आधी सांगून टाकलं. "वायरिंग जुनं झालंय. तुझ्या नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडून थकले मी."

"हो. लाइटच गेली," सून म्हणाली.

इंटरनेट परत येईपर्यंत परीक्षक उठून गेले होते. मग निरोप आला. बाहेरून बोलावलेले परीक्षक म्हणत होते, लाइट गेल्याचं कारण हल्ली सगळेच देतात. त्यात विद्यापीठ तिचा विभागच बंद करायला निघालेलं. पुन्हा परीक्षा होणार नाही. एवढ्या वर्षांचं शिकणं पाण्यात.

सून ना रडली, ना भांडली. ताटावर बसायची आणि अन्न चिवडून उठायची. सासूबाई भांडणात कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, पण ह्या गप्प बसण्यापुढे त्यांचं काही चालेना. चोराच्या मनात चांदणं. मुलानं वायरमन बोलावला, तर ह्या त्याच्या मागे मागे. वायरमननं सगळे बोर्ड उघडून पाहिले आणि वायरिंग ठणठणीत आहे म्हणाला. सासूबाई त्याच्यावरच डाफरल्या. "तुला काय कळतंय!" त्याला कळत होतं, हेच तर दुखणं होतं.

शेवटी त्या सुनेच्या समोर जाऊन बसल्या.

"तुझ्या गाईडबाईंना फोन लाव. तोंड दिसेल असा."

"नको ना, आई. राहू द्या आता."

"लाव म्हणते ना!"

गाईडबाई पडद्यावर आल्या. सासूबाईंनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. माफी मागायची कशी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवऱ्याची मागितली नाही, देवाचीही नाही.

"बाई, लाइट गेली नव्हती. मी घालवली. बटण मी ओढलं आणि वर पोरीशी खोटं बोलले. तिचा ह्यात काही दोष नाही. शिक्षा करायची तर मला करा. माझी डॉक्टरेट काढून घ्या."

गाईडबाईंना हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या.

"आई, हे मी समितीला आजच सांगते. खोटं बोलणारं माणूस असं स्वतःवर ओढून घेत नाही. तुमच्या शब्दावर परीक्षा पुन्हा घ्यायला लावते मी त्यांना."

फोन बंद झाला. सासूबाईंनी मोठा श्वास सोडला. छातीवरचा धोंडा उतरला होता. शेजारी पाहतात तर सून हमसून हमसून रडत होती.

"आता कशाला रडतेस? मिळाली ना परीक्षा? माझ्या तोंडून माफी वदवलीस, खरं तर त्याचीच डॉक्टरेट द्यायला हवी तुला."

सुनेनं मान वर केली नाही.

"आई, लाइट जायच्या आधीच मी कॉल बंद केला होता. त्यांनी विचारलं होतं, प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तुम्ही लिहिलंय की मशीननं?"