अकाली झिजलेले पॅड

पुढचं डावं चाक निघालं आणि तिचं डोकंच फिरलं. ब्रेकचे पॅड इतके झिजले होते की मागचा पत्रा दिसत होता.

तिने नवऱ्याला हाक मारून ते दाखवलं. हायब्रिड गाडी होती. ब्रेक दाबला की आधी मोटरच गाडीला थोपवते, पॅड नुसते सोबतीला. लाखभर किलोमीटर जायला हवेत, ते यांच्या गाडीचे चाळीस हजारांत संपले होते.

“रस्त्यावर गर्दी किती असते,” तो म्हणाला.

गर्दीत तर मोटरच जास्त थोपवते, पण हे त्याला सांगून काय उपयोग? सहा वर्षांच्या संसारात त्याला पान्याचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे कळलं नव्हतं. लग्नात याच्यावरूनच रण माजलं होतं. तिचा बाप जन्मभर ट्रक चालवलेला, ठेंगणा, तिरसट माणूस. ज्याला पाना धरता येत नाही त्याला मुलगी देणार नाही म्हणाला आणि खरंच लग्नाला डोंगरावरच्या आपल्या घरातून खाली उतरला नाही. मग तीही इरेला पेटली. तेव्हापासून बापाचा विषय निघाला की ती जेवणावरून उठायची. नवऱ्याने हळूहळू विषयच काढणं सोडलं.

आज तिच्या डोक्यात वेगळंच होतं. बुधवार.

चार महिने झाले, दर बुधवारी त्याला ऑफिसातून यायला उशीर होत होता. गुरुवारी ती गाडीत बसली की सीट पुढे ओढलेली आणि आरसा खाली कललेला असायचा. नवरा तर ताडमाड. मागच्या गुरुवारी सीटखाली एक छोटी उशीही दिसली. त्याच्या ऑफिसातली एक बाई डोंगरावरच्या नव्या इमारतीत राहायची, त्याच्या कोपराला लागेल एवढीच. एवढं कळायला ज्योतिषी लागत नाही.

तिने त्याला किल्ली घरात ठेवायला लावली आणि काम संपेपर्यंत गाडीच्या दाराला हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं. या गाडीचं नुसतं दार उघडलं तरी ब्रेकचा पंप जागा होतो आणि पॅड दाबणारा पिस्टन बाहेर येतो. मध्ये बोट सापडलं तर चेचलंच.

जुने पॅड काढून ती पिस्टन मागे दाबत होती, तेवढ्यात पंप घुर्र वाजला. हात कसाबसा बाहेर निघाला. उठून पाहते तर नवरा दार उघडून वाकलेला, आणि उशी शर्टाआड सारत होता.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. बायकोच्या बोटांपेक्षा उशी मोठी होती तर. पाना फेकून मारावासा वाटला. तिने तो जपून खाली ठेवला, कारण हत्यार फेकायचं नसतं.

मग ती खाली बसून जुने पॅड पुन्हा बघत राहिली. हातातलं काम डोक्यातल्या रागापेक्षा खरं बोलतं. मोटर हात वर करते ती एकाच वेळी, गाडी न्यूट्रलला टाकली की. मग सगळा भार पॅडवर येतो. आणि न्यूट्रलला टाकून एवढे पॅड खायचे तर सपाट रस्ता पुरत नाही. त्याला डोंगर लागतो.

“उतारावर गाडी न्यूट्रलला कोण टाकतं?” तिने विचारलं.

तो उशी धरून उभा राहिला.

“तू नाहीस, तुला तेवढं येतच नाही. चार महिने माझ्या गाडीत दुसरं कोणीतरी बसतंय आणि तू मला मूर्ख समजतोस. नाव सांग. नाहीतर आत जाऊन तुझी बॅग मी भरते.”

खरं तर नाव तिला ऐकायचंच नव्हतं.

त्याने उशी बॉनेटवर ठेवली. तिच्या काळ्या झालेल्या हातांकडे बघितलं.

“मी सांगितलं होतं, ही गाडी तशी नाही, न्यूट्रलला टाकू नका,” तो म्हणाला. “ऐकतात कुठे? म्हणाले, माझ्या पोरीला पाना धरायला मी शिकवलं, आणि मला तू गाडी शिकवणार?”